उसाचा दृष्टांत

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझ्या मावशीच्या गावात सप्ताह होता आणि सहाव्या दिवशीची कीर्तनसेवा यांची होती. मी सहसा यांच्या कीर्तनाला जात नाही, म्हणजे आता जात नाही, पण मावशीचे दोनदा फोन आले म्हणून गेले, सोबत लेक होती, ती पुण्याहून सुट्टीला आलेली. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला, मंडपाच्या अगदी कडेला बसलो. गावात कांद्याच्या लागणी चालू होत्या, दिवसभर वाफ्यात वाकून आलेल्या बायका, पावणेदहा वाजले तशा माना पडायला लागल्या. कीर्तनकाराला हे समोरून दिसतं. मग तो चिंतन जरा बाजूला ठेवतो आणि हसवतो. हे मला यांनीच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, की लोक झोपले तर चूक लोकांची नसते, माझी असते.

मग उसाचा दृष्टांत आला.

तुम्हाला माहीतच असेल. तुकोबारायांना कुणा शेतकऱ्यानं उसाची मोळी दिली, वाटेत पोरं मागं लागली, एकेक करत सगळा ऊस वाटून टाकला, घरी आले तेव्हा हातात एकच कांडं. त्यांच्या बायकोचा, आवलीचा संताप झाला, घरात खायला नाही आणि हा माणूस ऊस वाटत फिरतो, तिनं तेच कांडं त्यांच्या पाठीत घातलं, त्याचे तुकडे झाले, तर तुकोबा हसून म्हणाले, बरं झालं, वाटणी तूच केलीस. गोष्ट एवढीच आहे. पण हे ती सांगतात तेव्हा उपरणं पदरासारखं कमरेला खोचतात, आवाज बारीक करतात, मान झटकत चार पावलं इकडून तिकडे चालतात, मागचा मृदंगवाला बरोबर जागेवर थाप देतो आणि अख्खा मंडप हसतो. त्या दिवशीही हसला. पेंगणाऱ्या बायका जाग्या झाल्या, एकमेकींना कोपर मारून हसायला लागल्या, आणि पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळून माझ्याकडे बघून हसली, कारण मी महाराजांची मंडळी आहे हे तिला कुणीतरी सांगितलेलं.

मी पण या दृष्टांताला हसलेय, कितीतरी वेळा, पोट धरून. त्या दिवशी नाही हसू आलं. लेकीनं काही न बोलता माझा हात धरला, आणि मला एकदम कळलं की तिलाही कळलंय.

आमचं गाव नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठचं. जिथं माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब आमच्यापासून लांब नाही. लग्न ठरलं तेव्हा हे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकून नुकतेच आले होते. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली संस्था, तिथली पोरं माधुकरी मागून शिकायची, म्हणून आमच्याकडे तिथून शिकून आलेल्या मुलाला मान असतो, पैसा नसला तरी. माझ्या वडिलांनी जमीन बघितली नाही, मुलाच्या गळ्यातली माळ बघितली. मला पण आवडलं होतं. माझ्याही गळ्यात माळ आहे, मी सातवीत असताना घातलीय, एकादशी आजतागायत मोडली नाही, त्यामुळे कुणी असं समजू नये की ही बाई देवधर्माच्या विरोधात लिहितेय.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं हे सायकलवर कीर्तनाला जायचे, मग एक जुनी मोटारसायकल घेतली. आणि यांचा एक नेम होता. तुकोबांनी सांगून ठेवलंय की जिथं कीर्तन करायचं तिथलं अन्न खायचं नाही, बुक्का-हारसुद्धा लावून घ्यायचा नाही, पैसे तर दूरच. हे तो नेम पाळायचे. मग काय व्हायचं, अकराला कीर्तन संपायचं, हे उपाशी पोटी दहा-बारा किलोमीटर सायकल मारत साडेबाराला घरी यायचे, मी जागी असायचे, चुलीत निखारा ठेवलेला असायचा, त्यावर भाकरी शेकायची, पिठलं किंवा वांग्याचं भरीत, आणि जेवता जेवता हे मला सगळं कीर्तन परत सांगायचे. कुठं चाल चुकली, दाखल्याला घ्यायचा कुठला अभंग ऐन वेळी आठवला नाही, कुठला म्हातारा रडला. मी विचारायचे, मी पण कधीकधी सांगायचे की हा दृष्टांत इथं नको तिथं घ्या. आणि ते घ्यायचे! पोरं झोपलेली, बाहेर कुत्री भुंकतायत, आणि आम्ही दोघं रात्री एक वाजता तुकोबांवर बोलतोय. माझ्या संसारातलं सगळ्यात सुखाचं काय असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन.

नंतर नाव झालं. नाव कसं होतं हे मला अजून नीट कळलेलं नाही, यांच्यापेक्षा अभ्यासू माणसं आमच्या भागात होती आणि अजून आहेत, पण यांचा आवाज चांगला, हजरजबाबीपणा आहे, आणि मग मोबाईल आले, कुणीतरी व्हिडिओ टाकला, तो चालला, मग दुसरा. नगर जिल्ह्याच्या बाहेरून तारखा यायला लागल्या, बीड, जालना, नाशिक, मग मुंबईची उपनगरं, सुरतेला आपली माणसं आहेत तिथून. तारखांची डायरी आधी मी ठेवायचे, नंतर त्याला माणूस ठेवला. गाडी आली, ड्रायव्हर आला. तीनशे किलोमीटरवरून जेवायला घरी कोण येणार? तो नेम सुटला. कधी सुटला ते आठवत नाही, असं काही एका दिवशी झालं नाही. पाकीट घेण्याबद्दल मला तक्रार करायची नाही, पोरांची शिक्षणं त्यावर झाली, सासूबाईंचं आजारपण त्यावर निघालं, टाळकरी-मृदंगवाल्यांची घरं त्यावर चालतात. मला फक्त एवढंच म्हणायचंय की तुकोबांनी तो नेम सांगितला तो कीर्तन विकू नये म्हणून सांगितला, पण त्या नेमामुळे माझा नवरा रोज रात्री घरी जेवायला यायचा.

आता आवलीबद्दल.

तिचं खरं नाव जिजाई. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक, म्हणजे खातापिता माहेर. तुकोबांची पहिली बायको रखुमाई दम्यानं आजारी असायची म्हणून हे दुसरं लग्न लावलं घरच्यांनी. त्यानंतर आई-वडील गेले, थोरले बंधू सावजी घर सोडून गेले, आणि १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ आला, त्यात रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. त्यानंतर तुकोबांनी सावकारीची कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. केवढी मोठी गोष्ट आहे ही, लोकांची कर्जं माफ केली त्या माणसानं, ते ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण त्याच संध्याकाळी घरी चूल पेटवायची होती आणि ती आवलीला पेटवायची होती. तीन मुलगे, तीन मुली. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, कधी भामचंद्रावर. ती सकाळचं आवरून, भाकरी बांधून, डोंगर चढून त्यांना शोधत जायची, कारण ते जेवल्याशिवाय ती जेवत नसे. अशाच एका दिवशी तिच्या पायात काटा मोडला आणि जिला लोक विठ्ठलाला शिव्या देणारी म्हणतात त्या बाईच्या पायातला काटा काढायला विठ्ठल स्वतः आला अशी कथा आहे. ही कथा कीर्तनात येते, नाही असं नाही. पण तिच्यावर मृदंगाची थाप पडत नाही.

अजून एक. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा, १६५० च्या फाल्गुनात, आवली गरोदर होती. नंतर जो मुलगा झाला ते नारायण महाराज. त्यांनीच १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून वारीला नेण्याचा सोहळा सुरू केला. आज दरवर्षी जी लाखो माणसं देहूतून निघतात, तो सोहळा बापाचं तोंडही न बघितलेल्या पोरानं उभा केला, आणि त्या पोराला वाढवलं कुणी? कजाग बाईनं!

नामदेवांच्या गाथेतही बघा, त्यांची आई गोणाई आणि बायको राजाई यांची गाऱ्हाणी सांगणारे अभंग आहेत. आमच्या परंपरेनं ते लपवले नाहीत, गाथेत ठेवले, याचं मला फार मोठेपण वाटतं. आणि उलट बाजूनं संत बहिणाबाईंचं बघा, शिऊरच्या. बाईला भक्तीची ओढ लागली, तुकोबांचा ध्यास लागला, तर नवऱ्यानं मारलं, तिनं स्वतःच लिहून ठेवलंय. पुरुष निघाला की घरानं सांभाळून घ्यायचं आणि बाई निघाली की घरानं अडवायचं, एवढा फरक आहे तो आहे.

मला खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते सांगायला मला अवघड जातंय. आमच्या गल्लीत एक बाई आहे, तिचा नवरा प्यायचा. ती दारात बसून त्याला शिव्या घालायची आणि सगळी गल्ली तिच्या बाजूनं होती, तिला कुणी डाळ दिली, कुणी तिच्या पोराची फी भरली. माझा नवरा महिन्यातले पंचवीस दिवस घरी नसतो आणि मी कुणाला सांगू? तो वाईट ठिकाणी नाही, तो देवाचं नाव घेतोय. त्याच्यावर रागावले तर तो राग पांडुरंगाला लागतो की काय असं वाटतं. कितीतरी वर्षं मी माझा राग म्हणजे माझंच पाप समजून एकादशीला एकवेळचा फराळ पण सोडलाय, मन साफ व्हावं म्हणून.

माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी यांचं काल्याचं कीर्तन होतं. काल्याची तारीख मोडता येत नाही, सात दिवसांचा सप्ताह, सगळं गाव दहीहंडीला थांबलेलं, महाप्रसादाच्या पंगती, मला हे सगळं कळतं, मीच म्हटलं जा. माझा भाऊ होता दवाखान्यात. हे संध्याकाळी आले, कपाळाला बुक्का, गोपीचंदन, अंगाला हाराच्या फुलांचा वास. आणि वॉर्डमधल्या लोकांनी ओळखलं. पेशंटचे नातेवाईक पाया पडायला लागले, एका सिस्टरनं फोटो काढून मागितला, पलीकडच्या कॉटवरच्या म्हाताऱ्या आजीनं यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि रडली, यांनी पण तिला दोन शब्द धीराचे सांगितले, फार छान सांगितले, मी ऐकत होते. तोवर गाडी लागली होती, पुढचं कीर्तन साडेआठला होतं. हे माझ्याजवळ आले, बरं वाटतंय का विचारलं, मी हो म्हटलं. गेल्यावर आजी मला म्हणाली, पोरी, नशीब काढलंस, देवमाणूस मिळालाय. मी त्यालाही हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. त्या आजीला खरंच त्या रात्री झोप लागली.

मग लॉकडाऊन आला. मार्च २०२० पासून सगळे सप्ताह बंद, डायरीतल्या तारखांवर रेघा मारल्या, आणि हे घरी. बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग घरी. पहिले पंधरा दिवस बरे गेले. नंतर लक्षात आलं की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही. लेक चहा द्यायची तो पाहुण्यांना देतात तसा, ट्रेमध्ये. मुलगा बाप खोलीत आला की उठून उभा राहायचा, बाहेरची पोरं राहतात तसा. यांना माहीत नव्हतं की मुलगा दूध पीत नाही, लहानपणापासून पीत नाही. एकदा जेवताना हे काहीतरी सांगायला लागले आणि बोलता बोलता आवाज चढला, कीर्तनातला आवाज, आम्ही तिघं गप्प ऐकतोय, आणि हे मध्येच थांबले. पुढं बोललेच नाहीत. ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या, फुलांनी सजवलेली एसटी टीव्हीवर दाखवत होते, हे जमिनीवर बसून लहान पोरासारखे रडले, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या क्षणी मला त्यांचा अजिबात राग आला नाही. हा माणूस ढोंगी नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर सगळं अवघड आहे, ढोंगी असता तर मी केव्हाच सोपं काहीतरी केलं असतं.

लॉकडाऊन उठला, तारखा परत आल्या, आधीपेक्षा जास्त आल्या.

तर त्या मार्गशीर्षातल्या रात्री परत येताना गाडीत मी बोलले. ड्रायव्हर होता, लेक होती, तरी बोलले. म्हटलं, अहो, एक मागणं आहे, आवलीवर हसवू नका. हे म्हणाले, लोकांना आवडतं गं. मग थोड्या वेळानं म्हणाले, तू पण हसायचीस की. मी म्हटलं हो, हसायचे. परत शांतता. मग हे म्हणाले की तुकोबांनी काही संसार टाकला नाही, संसारात राहूनच परमार्थ केला, तेच तर मी सांगतो. मी म्हटलं, राहिले, कारण घर ती धरून बसली होती. आणि मग मला जे इतकी वर्षं बोलता आलं नव्हतं ते निघालं, म्हटलं, पुंडलिकाच्या दारात देव आला तेव्हा पुंडलिक काय करत होता हो? तुम्ही हजार वेळा सांगितलंय. आई-बापाचे पाय चेपत होता. त्यानं देवाला वीट फेकली आणि सांगितलं थांब. देव थांबला. रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो आजपर्यंत उभा आहे. अख्खं पंढरपूर त्या थांबण्यावर उभं आहे. आणि रखुमाई? ती रुसून दिंडीरवनात आली म्हणून तर देव तिला शोधत तिकडे आला, आजही तिचं देऊळ वेगळं आहे, देवाच्या शेजारी नाही. तुमचा देव घरच्यांसाठी थांबतो, रुसलेल्या बायकोमागं गाव सोडून येतो, मग तुमची तारीख का थांबत नाही?

यांनी काही उत्तर दिलं नाही. ड्रायव्हरनं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

आठवडाभर आम्ही त्यावर बोललो नाही. मला वाटलं संपलं. पुढच्या महिन्यात एका गावाहून व्हिडिओ आला, त्यात आयोजकांनीच चिठ्ठी पाठवली होती की महाराज उसाचा दृष्टांत घ्या. यांनी घेतला. उपरणं खोचलं नाही, एवढा फरक. आणि शेवटी म्हणाले की दुसऱ्या दिवशी आवली परत भाकरी घेऊन डोंगर चढली. लोक आधीच्यालाच हसत होते, हे वाक्य हसण्यात गेलं. मी ते तीन वेळा मागं नेऊन ऐकलं.

मग माघात एक दिवस मोकळा निघाला. मोकळा निघाला की यांनी ठेवला ते मी विचारलं नाही. हे म्हणाले, भंडाऱ्याला जाऊ. इतक्या वेळा देहूला गेलोय, भंडाऱ्यावर यांची कीर्तनं झालीत, पण दोघं म्हणून कधी गेलो नव्हतो. मी पहाटे उठून बाजरीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, सगळं फडक्यात बांधलं. आता गाडी वरपर्यंत जाते, पण मी म्हटलं पायी चढायचं. माझे गुडघे दुखतात, दोनदा बसावं लागलं, हे थांबले दोन्ही वेळा. आवली हे रोज कसं करत असेल, कडेवर पोर घेऊन, पोटात पोर घेऊन, पायात वहाण असेल की नाही, तेवढंच डोक्यात चालू होतं.

वर मोठ्या मंदिराचं काम चालू होतं, दगड, मशिनी, धूळ. दर्शन घेतलं आणि एका झाडाखाली बसलो. मी फडकं सोडलं तेवढ्यात बारा-पंधरा जणांचा घोळका आला, कुठल्यातरी दिंडीतली पोरं असावीत, त्यांनी ओळखलं, महाराज महाराज करत आली, मोबाईल निघाले. हे सवयीनं उठले. मी भाकरीवर फडकं परत टाकलं, ते पण सवयीनंच.

हे उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "माऊली, घरची मंडळी जेवायची थांबलीय. जेवून येतो."

पोरं बाजूला झाली. आम्ही जेवलो. यांनी दीड भाकरी खाल्ली, ठेचा जास्त झालाय म्हणाले, आणि लागणीच्या कांद्याला यंदा पाणी पुरेल का ते विचारलं, कारण शेताचं सगळं मीच बघते. मी सांगितलं. मग हात धुतले आणि गेले त्या पोरांत, तासभर बसले. मला इथं झाडाखालून आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मी उरलेली भाकरी बांधली आणि खाली इंद्रायणी दिसते तिकडे बघत बसले.